बाटल्याच्या खांद्यावरचा लेख

गांधारपाल्याची लेणी महाडच्या उत्तरेला आहेत. महामार्गावरून जाता-येता ती दिसतात. तिथल्या एका ब्राह्मी लेखात कुमार कानभोज विष्णुपालित याच्या दानाची नोंद आहे. ती लिपी मी तिथेच बसून शिकलो, पुस्तक मांडीवर घेऊन, शिकवणारा कुणी नसताना. दगडावरचे अक्षर वाचायचे तर तिरपे ऊन लागते, बोट फिरवून पाहावे लागते आणि झिजलेल्या जागी काय असेल याचा अंदाज बांधावा लागतो. हीच सवय घेऊन गेली काही वर्षे मी वेगळ्याच प्रकारचे लेख वाचतो आहे. ते पोलादावर ठोकलेले असतात आणि महाड ते पोलादपूर या पट्ट्यात रस्त्याकडेच्या कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात उभे असतात. गॅसच्या सिलिंडरला आमच्याकडे बाटला म्हणतात. मी वाचतो ते या बाटल्याच्या खांद्यावरचे लेख.

खांदा म्हणजे व्हॉल्व्हच्या खालचा, गोल होत गेलेला भाग. तिथे बनवणाऱ्याची खूण, क्रमांक, रिकाम्या बाटल्याचे वजन, आत किती लिटर पाणी मावते तो आकडा, किती दाबाने वापरायचा आणि किती दाबाने तपासला ते आकडे, आणि तपासणीच्या तारखा असतात. ऑक्सिजनच्या बाटल्याची पाण्याच्या दाबाने तपासणी दर 5 वर्षांनी करायची असते. क्लोरिनसारख्या लोखंड खाणाऱ्या वायूचा बाटला दर 2 वर्षांनी. प्रत्येक तपासणीनंतर नवी तारीख ठोकली जाते, म्हणून जुन्या बाटल्याच्या खांद्यावर तारखांची वंशावळच तयार होते. मला पोलादपुरात 1971 सालापासूनच्या तारखा असलेला एक बाटला सापडला. दुकानदाराला मी तो कौतुकाने दाखवला. तो म्हणाला, “काका, आम्ही खाली पाहतो तो रंग, नि वर पाहतो तो काटा. मधलं कोण वाचतंय?” काटा म्हणजे रेग्युलेटरच्या घड्याळाचा.

या लेखाचे कारण त्या ‘मधल्या’त आहे. पण त्याआधी एक प्रसंग सांगायला हवा.

साधारण तीस वर्षांपूर्वी, महाड आणि पोलादपूरच्या मधे महामार्गावरच्या एका शेडमध्ये मी स्कूटर घेऊन उभा होतो. शेड कुणाची ते सांगत नाही. ट्रकमधून ऑक्सिजनचे बाटले उतरवले जात होते. उतरवण्याची रीत आजही तीच आहे: जमिनीवर ट्रकचा जुना टायर टाकायचा आणि वरून बाटला त्या टायरवर सोडायचा. टायर तो झेलतो, मग हेल्पर त्याला कलता करून बुडावर फिरवत भिंतीशी नेतो. त्या दिवशी एक बाटला टायरच्या कडेला लागून उलटला आणि त्याची मान एका चॅसीच्या कोपऱ्यावर आदळली. व्हॉल्व्हवर लोखंडी टोपी असायला हवी होती, ती नव्हती. व्हॉल्व्ह तुटला. पुढचे मला डोळ्यांनी नीट दिसलेच नाही. आवाज आला, धूळ उठली, आणि बाटला शेडच्या मागच्या विटांच्या भिंतीतून पलीकडे शेतात जाऊन पडला होता. वाटेत अठरा वर्षांचा एक हेल्पर होता. त्याचा उजवा पाय घोट्याच्या वर गेला.

असे का होते, हे मला तेव्हा कळले नाही. आता आकडे माहीत आहेत. नेहमीच्या मोठ्या बाटल्यात सुमारे 47 लिटर जागा असते आणि त्यात 7 घनमीटर ऑक्सिजन कोंबलेला असतो. दाब दर चौरस सेंटिमीटरला 150 किलो. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ वीसपट. व्हॉल्व्ह तुटला की हा सगळा दाब बोटभर भोकातून बाहेर पडतो आणि पन्नास-साठ किलोचे पोलाद दिवाळीतल्या बाणासारखे उलट दिशेला सुटते. आग लागायची गरज नसते. टोपी असते ती एवढ्यासाठी.

पुढे मी या भागातल्या अपघातांच्या नोंदी शोधू लागलो तेव्हा हा प्रसंग मला कुठेही सापडला नाही. वर्तमानपत्रात नाही, कामगार खात्याच्या कागदांत नाही. गॅस सिलिंडरचा अपघात झाला तर स्फोटक खात्याला आणि पोलिसांना ताबडतोब कळवले पाहिजे असा नियम आहे. कुणी कळवले नाही. मुलाला काही पैसे देऊन घरी पाठवले गेले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दानाची नोंद डोंगरात टिकून आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत गेलेल्या पायाची नाही, हे मला कायम खटकत आले. बाटल्याच्या इतिहासाकडे मी वळलो तो यातून.

भारतात बाटल्याचा कायदा बंदुकीच्या दारूच्या कायद्यातून आला. 1884 चा स्फोटक कायदा दारू, सुरुंग, फटाके यांच्यासाठी होता. घाटरस्ते फोडणाऱ्या सुरुंगांची आणि दिवाळीच्या फटाक्यांची काळजी त्यात होती. वायूचा विचार नव्हता, कारण भरलेला वायू बाजारात नव्हताच. जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी 1895 मध्ये मोठ्या प्रमाणावर हवेचे द्रवात रूपांतर केले आणि पुढच्या दशकात त्या द्रवातून ऑक्सिजन वेगळा काढता येऊ लागला. आपल्याकडे कलकत्त्यात इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी निघाली ती 1935 मध्ये. रेल्वेची वर्कशॉपे, गोद्या, गिरण्या यांना कापण्या-जोडण्यासाठी वायू हवा होता. बाटले फिरू लागले तसे सरकारला जाग आली. पण नवा कायदा करण्याऐवजी जुन्याच कायद्यातली एक सोय वापरली गेली. स्फोटक कायद्याच्या 17 व्या कलमाने कुठल्याही पदार्थाला ‘स्फोटक’ ठरवण्याचा अधिकार सरकारला आहे. तो वापरून सप्टेंबर 1938 मध्ये अधिसूचना निघाली: धातूच्या भांड्यात दाबून किंवा द्रव करून भरलेला वायू हा स्फोटक मानला जाईल. 1940 मध्ये गॅस सिलिंडरचे पहिले नियम आले. त्यांची जागा 1981 च्या नियमांनी घेतली, मग 2004 च्या आणि आता 2016 च्या.

म्हणजे कायद्याच्या नजरेत दवाखान्यातला प्राणवायूचा बाटला आणि सुरुंगाची दारू एकाच घरची. हे वाचून हसू येते खरे, पण ज्याने भिंतीतून गेलेला बाटला पाहिला आहे त्याला येत नाही. या खात्याचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना हे त्याचे आजचे नाव. धंद्यातले लोक ‘पेसो’ म्हणतात.

या घराण्याचा परिणाम असा झाला की नियमांची नजर कोठारावर राहिली. दारूचा कायदा कोठारासाठी असतो: भिंती कशा, अंतर किती, शेजारी काय. बाटल्यांच्या नियमांतही साठवणीला परवाना आहे, पण ठरावीक संख्येच्या वर. त्या संख्येखालच्या दुकानाला परवाना लागत नाही, आणि जिथे परवाना नाही तिथे परवान्याची तपासणी करायला माणूस येत नाही. महाड-पोलादपूरच्या महामार्गावरची झाडून सारी वेल्डिंगची दुकाने या रेषेखाली आहेत. हाताळणीचे नियम मात्र त्यांनाही लागू आहेत. बाटला आपटायचा नाही, घसरत न्यायचा नाही. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावायचे नाही. सायकलवरून किंवा मोटारसायकलवरून न्यायचा नाही. बाटल्यांशी खेळायचे नाही, असेही एके ठिकाणी म्हटले आहे. ते ज्याने लिहिले त्याने नक्कीच कुठेतरी हेल्पर पोरे पाहिली असतील.

तेलाचा नियम गॅरेजवाल्यांना सगळ्यात विचित्र वाटतो. अडलेल्या आट्यांवर तेलाचा थेंब टाकायचा हा त्यांच्या हाताचा धर्म आहे. पण दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीशिवाय पेटू शकते, आणि मग पितळही जळते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही म्हणून तो निरुपद्रवी, असा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. कपडे झटकायला, घाम वाळवायला ऑक्सिजनची नळी अंगावर मारून घेणारे मी पाहिले आहेत. तो कपड्याच्या धाग्यात साचून राहतो आणि नंतर ओढलेली एक विडी पुरते.

जोडीचा दुसरा वायू ॲसिटिलीन. त्याचा आमच्याकडचा इतिहास बाटल्याच्या आधीचा आहे. जुन्या लोकांना तो ‘कार्बाईड’ म्हणून ठाऊक. दिव्याच्या डबीत कार्बाईडचे खडे, वरून थेंब थेंब पाणी, आणि निघणाऱ्या वायूची पांढरी ज्योत. (पेट्रोमॅक्सशी गल्लत करू नये, ती रॉकेलची.) कार्बाईडसाठी 1937 पासून वेगळे नियम होते. हेच खडे पुढे आंब्याच्या अढीत गेले आणि त्यावर बंदी आली, म्हणून कोकणी माणसाला कार्बाईड म्हटले की आधी आंबा आठवतो. वेल्डिंगवाले मात्र लोखंडी पिंपात कार्बाईड आणि पाणी घालून स्वतःच गॅस बनवत. पोलादपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला ते पिंप हातवारे करून समजावले. ज्योत उलटी पिंपात शिरली की काय होई, तेही सांगितले. त्यांच्या डाव्या भुवईवर केस नाहीत.

ॲसिटिलीन ऑक्सिजनसारखा नुसता दाबून भरता येत नाही; दाब थोडा वाढला तरी तो हवेशिवायही फुटतो. यावर तोडगा निघाला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये: त्याला ॲसिटोन या द्रवात विरघळवायचे. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी बाटल्याच्या आत भरायचा सच्छिद्र, स्पंजासारखा पदार्थ सुधारला, ज्यात ते ॲसिटोन मुरलेले राहते. त्यांचे काम दीपगृहांच्या दिव्यांसाठी होते. 1912 मध्ये ॲसिटिलीनच्या बाटल्यांवर प्रयोग करताना स्फोट झाला आणि डालेन आंधळे झाले. त्याच वर्षीचे पदार्थविज्ञानाचे नोबेल त्यांना मिळाले. ते घ्यायला भाऊ गेला. ॲसिटिलीनचा मरून रंगाचा बाटला नेहमी उभाच वापरायचा, आडवा आणला असेल तर काही वेळ उभा ठेवून मगच उघडायचा, हा नियम त्या ॲसिटोनसाठी आहे. नाहीतर ते द्रव नळीत येते. आमच्या रस्त्यावर हा बाटला उन्हात, टेम्पोत आडवा, ऑक्सिजनच्या काळ्या बाटल्याला चिकटून येतो आणि पाच मिनिटांत पेटवला जातो.

रंगांचा विषय निघालाच आहे. औद्योगिक ऑक्सिजन काळा. दवाखान्याचा ऑक्सिजनही काळा, पण खांदा पांढरा. नायट्रोजन राखाडी, मान काळी. आर्गॉन निळा, हायड्रोजन लाल, क्लोरिन पिवळा. निरक्षर माणसालाही कळावे म्हणून केलेली ही भाषा आहे आणि ती चांगली आहे. तिच्या जोडीला आट्यांची भाषा: जळणाऱ्या वायूंच्या व्हॉल्व्हचे आटे डावे, न जळणाऱ्यांचे उजवे, आणि डाव्या आट्यांच्या नटावर खाच. अंधारातही बोटाला कळते. ज्याने कुणी हे योजले त्याला कामगाराचा हात माहीत होता.

पण रंग उडतो, आणि रंग बदलताही येतो. हे आमच्या भागाने एकाच वर्षात दोनदा पाहिले.

2021 च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट होती. 21 एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. दुसऱ्या दिवसापासून, मोजके उद्योग वगळता, कारखान्यांना ऑक्सिजन देण्यावर केंद्राची बंदी लागू झाली. महामार्गावरची दुकाने थंड झाली. याच काळात पेसोने आर्गॉन आणि नायट्रोजनचे बाटले ऑक्सिजनसाठी वापरायला परवानगी दिली, आतून साफ करून, व्हॉल्व्ह आणि रंग बदलून. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता आणि निर्णय योग्यच होता, असे मला वाटते. पण लाट ओसरल्यावर बाटले परत फिरले. त्या वर्षाअखेर महाडजवळच्या एका गॅरेजात मी पांढऱ्या खांद्याचा बाटला पाहिला. त्याच्या व्हॉल्व्हवर ग्रीसचे काळे बोट उमटलेले होते. तो रिकामा झाला की भरायला जाणार, आणि तिथून कुठे जाणार ते त्याच्या खांद्याचा पांढरा रंग ठरवणार.

उलट चुकीची भीती याहून मोठी आहे. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. श्वास कोंडल्याची जाणीव होते ती शरीरात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. नायट्रोजनमध्ये माणूस तो बाहेर टाकतच राहतो, म्हणून गुदमरल्यासारखे वाटतच नाही. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, तो 10 टक्क्यांच्या खाली गेला की माणूस काही कळायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला वाकलेला दुसराही. आमच्या औद्योगिक वसाहतीत हा वायू रोजचा आहे. पेट घेणाऱ्या रसायनांच्या टाक्यांतली हवा हटवायला तो सोडतात. तिथे निदान नियम आहेत. भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे वेगळे प्रकरण आले, 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम आले. तरीही 3 नोव्हेंबर 2023 रोजी महाडच्या वसाहतीत एका औषध कारखान्यात स्फोट होऊन 11 कामगार गेले. ती नोंद झाली, चौकशी झाली. रेषेखालच्या दुकानांना एवढेही नाही.

दुसरी वेळ जुलैची. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या. त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला. तळियेपुढे दुकानांचे नुकसान बोलायचे नसते, आणि आमच्याकडे कुणी फारसे बोललेही नाही. पण पाणी ओसरल्यावर मी पाहिलेले एक दृश्य इथे नोंदवतो. घरगुती गॅसचा बाटला पाण्यावर तरंगतो, भरलेला असला तरी. त्याचे एकूण वजन त्याने हटवलेल्या पाण्यापेक्षा कमी भरते. ते गल्लोगल्ली विखुरले होते. ऑक्सिजनचे जड बाटले तळाने घरंगळत गेले होते आणि एका वळणावर, गाळात, एकमेकांवर रचून पडले होते. काळा, मरून, निळा, सगळे एकाच रंगाचे: चिखलाचे. दुकानदार आपापले ओळखायला आले होते आणि फडक्याने बुडे पुसत होते.

मी खांदे पुसायला सांगितले. पावसाचे पाणी ओतून, बोटाने गाळ काढून, आम्ही क्रमांक वाचू लागलो. लेण्यात करतो तेच काम. काही खांदे इतक्या वेळा रंगवलेले होते की अक्षरे रंगाच्या थरांखाली बुजली होती; तिथे नाण्याने खरवडावे लागले. काहींची शेवटची तारीख कधीच उलटून गेली होती. रिकाम्या बाटल्यांपैकी ज्यांचे व्हॉल्व्ह उघडे राहिले होते त्यांत पाणी शिरले असणार. असा बाटला तसाच भरला तर तो आतून गंजतो, भिंत पातळ होते, आणि 150 किलोचा दाब त्या पातळ भिंतीवर येतो. रिकामा बाटलाही बंद ठेवायचा आणि आत थोडा दाब शिल्लक असतानाच परत द्यायचा, या नियमाचे कारण मी तिथे पहिल्यांदा मोठ्याने सांगितले. लोकांनी ऐकले. पुरात माल गेलेला माणूस ऐकतो.

पुरातले सगळे बाटले भरणाऱ्याकडे तपासायला गेले का, तर नाही. काही दुकानदारांनी ते धुऊन पुन्हा भिंतीशी उभे केले. त्यांच्याकडे अनामतीचे पैसे नव्हते.

तिथे आमच्याबरोबर आणखी एक माणूस होता. उजव्या पायात कृत्रिम पाऊल, वय आता पन्नाशीकडे आलेले. त्याचे पोलादपूरच्या अलीकडे स्वतःचे छोटे दुकान आहे. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात, आणि खांद्यावर आकडेच जास्त असतात. मी काही न सांगता तो खांद्यावर पाणी ओतत होता, बोट फिरवत होता, महिना आणि साल मोठ्याने म्हणत होता. साल उलटलेला बाटला निघाला की त्यावर खडूने फुली मारून बाजूला लोळवत होता, आपटू न देता, दोन्ही हातांनी. दुपारपर्यंत त्याचा खडू संपला. मग तो चिखलानेच फुल्या मारू लागला, आणि मी म्हटले की या पावसात धुऊन जातील.

“जाऊ द्या,” तो म्हणाला. “तोवर नंबर तुमच्या वहीत लिहून घ्या.”

मी लिहून घेतले. त्या वहीच्या पहिल्या पानावर, त्याला विचारून, मी त्याच्या अपघाताचीही नोंद केली आहे: साल, जागा, हवामान, बाटल्यावर टोपी नव्हती हे. बाटल्याचा क्रमांक आम्हा दोघांनाही आठवत नाही.